वर्दीनंतरचं कॉकपिट

श्रोतेहो, नमस्कार.

लढाऊ विमान उडवणाऱ्याला प्रवासी विमानाचं काय अवघड, असं आपण सहज म्हणून जातो. विमान तो उडवेलच. अडतं ते आधी कागदांपाशी, आणि मग शेजारच्या खुर्चीपाशी. सैन्यदलातून बाहेर पडायच्या विचारात असलेल्या वैमानिकांशी आणि त्यांच्या घरच्यांशी आज याबद्दलच बोलायचं आहे.

कागदांत पहिलं लॉगबुक, म्हणजे उड्डाणतासांची नोंदवही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्ससाठी, म्हणजे प्रवासी विमानाचा कॅप्टन होण्याच्या परवान्यासाठी, किमान १५०० उड्डाणतास लागतात. काही देश त्यावर आपल्या अटी घालतात. १५०० ऐकून पुष्कळजण निर्धास्त होतात. पण त्या आकड्याच्या पोटात आणखी आकडे आहेत: रात्रीचे १०० तास, बाहेर न पाहता फक्त उपकरणांच्या आधारे उडवलेले ७५, क्रॉस-कंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून दुसरीकडे गेलेल्या उड्डाणांचे, २००. लढाऊ वैमानिकाचं घोडं इथेच पेंड खातं. त्याची सॉर्टी, म्हणजे एक फेरी, बरेचदा तासाभराची, आणि उतरायचं पुन्हा त्याच तळावर. एकूण बेरीज भक्कम, पण क्रॉस-कंट्रीचा रकाना अर्धा रिकामा. म्हणून निदान दोन वर्षं आधी रकान्यारकान्याने बेरजा करा आणि कमी पडणारे तास नोकरीत असतानाच भरून काढा. प्रत्येक पानावर सही-शिक्का तेव्हाच घ्या. तुकडी हलली, अधिकारी बदलले, की एका सहीसाठी हेलपाटे सुरू होतात.

आणखी एक खोच. लष्करी नोंदीत बहुधा चाकं जमीन सोडल्यापासून ती टेकेपर्यंतचा वेळ धरतात. नागरी नोंदीत उड्डाणासाठी विमान जागचं हललं तिथपासून ते शेवटी थांबेपर्यंतचा. हा फरक कसा दाखवायचा, ते परवाना देणाऱ्या यंत्रणेला लेखी विचारा. मनाने मिनिटं वाढवू नका. एक नोंद खोटी निघाली, तर खऱ्या हजार तासांवरही शंका घेतली जाते.

वैद्यकीय तपासणीत कान सांभाळा. जेटच्या आवाजाने पहिली झीज होते ती साधारण ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि घरातलं बोलणं नीट ऐकू येतं म्हणून ती जाणवतही नाही. व्यावसायिक वैमानिकांसाठीच्या प्रथम श्रेणीच्या तपासणीत ५००, १००० आणि २००० हर्ट्झला ३५ डेसिबलपर्यंत, ३००० हर्ट्झला ५० डेसिबलपर्यंत घट चालते. राजीनामा देण्याआधीच ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढून घ्या. कधी इजेक्ट केलं असेल, म्हणजे आसनासकट विमानाबाहेर झेप घेतली असेल, तर मणक्याचे जुने एक्स-रे आणि अहवाल फाइलमध्ये हवेतच.

आता शेजारची खुर्ची. माझ्या मते खरी मेहनत इथेच आहे.

सिम्युलेटरमधला एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. विमान ३ अंशांच्या उतारावर, वेग १४० नॉट, म्हणजे दर मिनिटाला साधारण ७०० फूट खाली यायला हवं. उंची जरा जास्त राहिली आहे. एकट्याने उडवण्याची सवय असलेला वैमानिक ते अचूक हेरतो आणि न बोलता नाक खाली घेतो. उतरण्याचा दर १३०० वर जातो. शेजारचा म्हणतो, "सिंक रेट," म्हणजे फार वेगाने खाली जातोय. उत्तर नाही, लक्ष सगळं धावपट्टीवर. तो पुन्हा म्हणतो. पुन्हा शांतता. दोनदा हाक देऊनही प्रतिसाद नसेल, तर उडवणारा भानावर नाही असं धरून विमान आपल्या ताब्यात घ्यायचं, हे शेजारच्याला शिकवलेलं असतं. हात कुठेच चुकले नव्हते. "करेक्टिंग", म्हणजे सुधारतोय, एवढा एक शब्द राहून गेला होता. आणि ढगांत १००० फुटांवर विमान स्थिर नसेल, तर सावरत बसायचं नाही, गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जायचं. वर्षानुवर्षं शेवटच्या क्षणी सावरत आलेल्या माणसाला हे मनापासून पटायला वेळ लागतो.

चेस्ली सलेनबर्गर हे अमेरिकी हवाई दलाचे एफ-४ फँटम उडवलेले वैमानिक. १५ जानेवारी २००९ रोजी ते कॅप्टन असलेल्या प्रवासी विमानाला पक्षी धडकून दोन्ही इंजिनांची ताकद गेली, तेव्हा त्यांनी विमान आपल्याकडे घेतल्याचं मोठ्याने सांगितलं आणि सहवैमानिक जेफ्री स्काइल्स यांना आणीबाणीची चेकलिस्ट काढायला लावली. हडसन नदीवर उतरण्याच्या काही क्षण आधी त्यांनी स्काइल्सना विचारलं, काही सुचतंय का? १५५ जण वाचले. तशा घडीलाही कॅप्टन शेजाऱ्याला विचारत होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

घरच्यांसाठीही थोडं. बहुतेक एअरलाइनमध्ये ज्येष्ठता रुजू झाल्याच्या तारखेवरून ठरते, हुद्द्यावरून नाही. कालचा कमांडिंग ऑफिसर उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या, खुर्चीत बसेल आणि डावीकडचा कॅप्टन वयाने मुलासारखा असेल. आंतरराष्ट्रीय व्यावसायिक उड्डाणांत वयाची मर्यादा ६५ आहे, म्हणून पंचेचाळिशीत बाहेर पडणाऱ्याने दोन वर्षं घालवली, तर ती ज्येष्ठतेतूनच जातात.

टाइप रेटिंगचे, म्हणजे ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याच्या पात्रतेचे, पैसे स्वतः भरणार असाल, तर पुढचं लाइन ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष प्रवासी उड्डाणांवरचं प्रशिक्षण, कोण देणार, हे आधी लेखी घ्या. नुसतं सिम्युलेटर उत्तीर्ण होऊन घरी बसलात, तर रेटिंगची मुदत सरत राहते, हात विसरत जातात, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न येतो: शेवटचं कधी उडवलंत?