बर्फावरचा सडा

श्रोतेहो, नमस्कार.

पणजीतल्या आल्तिनो टेकडीची चढण चढून स्टुडिओत आले तेव्हा पदराने कपाळ पुसत होते. आणि आज तुमच्याशी बोलायचंय ते उणे सत्तावीस अंशांतल्या एका संध्याकाळबद्दल. कॅनडात मानिटोबा प्रांतात विनिपेग नावाचं शहर आहे. माझी लेक तिथे नोकरीला आहे. जानेवारीत मी तिच्याकडे राहायला गेले होते, आणि तिथे मी कर्लिंगचा सामना पाहिला.

कर्लिंग. नाव लक्षात ठेवा. बर्फावरून दगड सरकवायचा खेळ.

आइस हॉकी तुम्ही टीव्हीवर ओझरती पाहिली असेल. लेकीने आधी तेच विचारलं, "आई, हॉकी बघायला जाऊया?" मी म्हटलं, तू खेळतेस तो खेळ मला दाखव. ती ऑफिसातल्या तिघांबरोबर दर बुधवारी एका क्लबात कर्लिंग खेळते. आमच्या डिचोलीच्या या मुलीने लहानपणी बर्फ पाहिला तो मासळी बाजारात, इसवणावर घातलेला. आणि आता ती त्या बर्फावर खेळायला लागली होती. आईला ते डोळ्यांनी बघायचं होतं, एवढंच.

खेळ समजायला अवघड नाही. ज्याला कॅरम येतो त्याला अर्धा आलाच म्हणून समजा. पंचेचाळीस मीटर लांबीची बर्फाची पट्टी. दोन्ही टोकांना बर्फात रंगवलेली वर्तुळं, एकात एक, अंगणातल्या रांगोळीसारखी. एका संघात चौघे, प्रत्येकाचे दोन दगड. म्हणजे एका संघाचे आठ, दोन्ही मिळून सोळा. दगड ग्रॅनाइटचा, वजन वीस किलोच्या आसपास, वर इस्त्रीसारखी मूठ. तो या टोकाकडून सरकवायचा आणि त्या टोकाच्या वर्तुळाच्या मध्याशी नेऊन थांबवायचा. सोळाही दगड झाले की मध्याच्या सगळ्यात जवळ कोणाचा आहे ते बघायचं. ज्याचा दगड सगळ्यात जवळ, गुण त्याचेच. दुसऱ्याला त्या डावात काही नाही. पुन्हा सांगते, ज्याचा दगड सगळ्यात जवळ, गुण त्याचेच.

कॅरमवरून आठवलं म्हणून बोलते. आमच्या लहानपणी गावोगावच्या वाचनालयात कॅरमबोर्ड असायचा. बोरिक पावडरीने पांढरी झालेली बोटं घेऊन आम्ही मुली घरी जायचो. आज वाचनालयं आहेत, बोर्ड कुठे गेले कोण जाणे. आणि शाळांना माझं हात जोडून सांगणं आहे, खेळाचा तास गणिताला देऊ नका. मी एकतीस वर्षं शिकवलं. खेळाच्या तासाला मूल जसं दिसतं तसं ते दुसऱ्या कुठल्याच तासाला दिसत नाही. असो, आपण विनिपेगला होतो.

क्लबात प्रेक्षकांना बर्फाजवळ बसावं लागत नाही. उबदार खोली असते आणि मोठी काच. काचेतून खालचा बर्फ दिसतो. लेक कपडे बदलायला गेली आणि मी काचेशी जाऊन बसले. तेवढ्यात एक माणूस पाठीवर पाण्याचा डबा बांधून बर्फावर आला. हातात नळी, नळीला झारीसारखं तोंड. तो मागे मागे चालत, हात डावीकडून उजवीकडे हलवत पाणी शिंपडत निघाला. श्रोतेहो, तो सडा घालत होता! अगदी आपण अंगणात घालतो तसा. ते थेंब पडल्या पडल्या गोठतात आणि बर्फावर बारीक दाणे उठतात. दगड सरकतो तो त्या दाण्यांवरून. दाणे नसतील, बर्फ अगदी गुळगुळीत असेल, तर दगड वाटेतच अडतो.

सडा झाला की झाडू आलाच. एकजण दगड सोडतो आणि दोघं त्या दगडाच्या पुढे पुढे धावत बर्फ घासत जातात. घासल्याने बर्फ जरासा ऊब धरतो, घर्षण कमी होतं, आणि दगड आणखी काही मीटर पुढे जातो, कमी वळतो. माझी लेक झाडू मारणाऱ्यांतली. घरी असताना हिच्या हातात केरसुणी द्यायला मला दोनदा हाक मारावी लागायची, आणि इथे ती जीव तोडून झाडत होती. फार बरं वाटलं बघून.

माझ्या शेजारी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांचा नातू दुसऱ्या संघात. चाळीस वर्षं त्या स्वतः खेळलेल्या. टेबलावर बोटाने रेघा ओढून त्यांनी मला सगळं समजावलं.

आठ डावांचा सामना होता. सात डाव झाले तेव्हा पाच-पाच अशी बरोबरी. आठव्या डावात पंधरा दगड संपले. मध्याच्या सगळ्यात जवळ त्यांचा दगड होता, हातभर अंतरावर. शेवटचा दगड आमचा. आमचा म्हणते, कारण एव्हाना तो संघ माझाच झाला होता.

कप्तानाने दगड सोडला. कप्तानाला तिथे स्किप म्हणतात. दगड निघाला आणि माझ्या लेकीने आणि दुसऱ्या एका मुलाने झाडायला सुरुवात केली. काचेमुळे आवाज काहीच येत नव्हता. स्किपचं तोंड ओरडताना दिसत होतं, पण ऐकू काही येत नव्हतं. शेजारच्या बाई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "येतोय, बरोबर येतोय." मीही उठले. मनात शांतादुर्गेचं नाव घेतलं. दगड अर्ध्याच्या पुढे आला होता.

आणि माझ्या लेकीने झाडू उचलला आणि हात वर केला.

मला वाटलं तिचा खांदा दुखावला. दगड तर सरळ वर्तुळाकडे चालला होता. बाकी कोणी थांबलं नव्हतं. मग तिच्या जोडीदाराने मान वळवली, तिने त्याला काहीतरी सांगितलं, आणि त्याने पुढे होऊन तो चालता दगड पायाने अडवला आणि पट्टीच्या बाहेर नेऊन ठेवला.

मी शेजारच्या बाईंकडे पाहिलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "दगड जळला."

बर्फावर दगड जळला, म्हणजे काय? त्यांनी सांगितलं. झाडू सरकत्या दगडाला लागला की दगड जळला असं म्हणतात. आणि समोरच्या टोकाची रेषा ओलांडण्याआधी लागला, तर तो खेळातून काढून टाकायचा. "कोणाला दिसलं?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "कोणालाच नाही. मलाही नाही. तिनेच सांगितलं."

तिथे पंच नव्हता. क्लबातल्या सामन्याला पंच नसतोच. ज्याच्याकडून चूक झाली त्याने हात वर करायचा, अशीच या खेळाची रीत. पुन्हा सांगते, पंच नव्हता, आणि हात तिने स्वतः वर केला.

सामना सहा-पाच असा गेला. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, आणि हरल्याचं मला तेव्हा काहीच वाटत नव्हतं. शाळेत मी कितीतरी मुलांना शिकवलं, पण घरातलं मूल काय शिकलं ते असं काचेपलीकडून, आवाजाशिवाय बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

खाली सगळ्यांनी एकमेकांचे हात हातात घेतले. मग आठही जण वर आले आणि एकाच टेबलाशी बसले. पहिली फेरी जिंकलेल्यांनी द्यायची, हीसुद्धा तिथली रीत. त्या बाईंच्या नातवाने माझ्या लेकीपुढे गरम चॉकलेटचा पेला ठेवला. मी पिशवीतून जत्रेतलं खाजं काढलं. त्यातलं आलं त्या थंडीत सगळ्यांना आवडलं. रात्री गाडीत मी विचारलं, "अगं, तुला कळलं कसं?" ती म्हणाली, "आई, हाताला कळलं. काठीतून टिक झालेलं कळतं."

आता थोडाच वेळ उरलाय, राहिलेलं भराभर सांगते. खेळ मूळचा स्कॉटलंडचा. ऑलिम्पिकमध्ये वापरतात त्या दगडांचा ग्रॅनाइट स्कॉटलंडजवळच्या एल्सा क्रेग या निर्जन बेटावरचा. 1924 साली शामोनीला हा खेळ ऑलिम्पिकमध्ये होता, मग फार वर्षं पदकाविना राहिला, आणि 1998 साली नागानोला पुन्हा पदकांत आला. विनिपेगच्याच जेनिफर जोन्स यांच्या संघाने 2014 साली सोचीला एकही सामना न हरता सुवर्णपदक मिळवलं. आणि ज्यांना वाटतं की नारळी-पोफळीच्या माणसांचा हा खेळ नव्हे, त्यांच्यासाठी: 2025 साली हार्बिनच्या आशियाई हिवाळी स्पर्धेत पुरुषांचं सुवर्ण फिलिपिन्सने जिंकलं, अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला हरवून. ते खेळाडू स्वित्झर्लंडशी नातं असलेले, पण गळ्यातलं पदक फिलिपिन्सचं.

मी गोव्यात परत आले. यंदाच्या लक्ष्मीपूजनाला लेकीचा फोटो आला. तिथे तिला केरसुणी मिळाली नव्हती. पाटावर पणती, पानाचा विडा, आणि शेजारी तिचा तो कर्लिंगचा झाडू, दांड्याला हळदकुंकू लावलेला.

नमस्कार.