संकल्प तडीस जातो तो कशाने

मंडळी, संकल्प सोडणाऱ्या माणसाला विचारलं, की तो बहुतेक वेळा आपल्या इच्छाशक्तीला दोष देतो. हे निदानच मला चुकीचं वाटतं. इच्छा असते, बऱ्याचदा भरपूर असते. तिला दिवस आणि वेळ मिळालेली नसते.

२००२ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटाला व्यायामाबद्दल काहीच सांगितलं नाही. दुसऱ्याला व्यायामाचे फायदे पटवून दिले. तिसऱ्याला फायदे तर सांगितलेच, शिवाय पुढच्या आठवड्यात कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कुठे व्यायाम करणार, हे लिहून घेतलं. तिसऱ्या गटातल्या ९१ टक्के मुलांनी व्यायाम केला. बाकी दोन्ही गटांत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आत राहिलं. म्हणजे नुसतं पटणं पुरेसं पडलं नाही.

असं का होतं, यावर जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी खूप काम केलं आहे. 'अमुक वेळ आली, की मी तमुक करीन' असं आधीच ठरलं असेल, तर ती वेळच आठवण करून देते. करू की नको, हा वाद ऐन वेळी मनात उभा राहत नाही. दमलेल्या संध्याकाळी हा वाद आपण हमखास हरतो, म्हणून तो सकाळीच मिटवलेला बरा.

आता व्यवसायाकडे वळू. 'यंदा विक्री वाढवायची' असं बैठकीत ठरतं, सगळे माना डोलावतात आणि उठतात. पण विक्री थेट आपल्या हातात नसते. जुन्या ग्राहकांना फोन करणं, दिलेल्या कोटेशनचा पाठपुरावा करणं हे हातात असतं. तेव्हा ध्येयाच्या खाली या आठवड्याचं काम लिहा आणि त्यापुढे एकाच माणसाचं नाव लिहा. 'आपण सगळे बघू' असं ठरलेलं काम कुणीच बघत नाही. इंटेलमध्ये अँडी ग्रोव्ह यांनी १९७० च्या दशकात मोजक्या ध्येयांखाली मोजता येतील असे परिणाम मांडण्याची पद्धत रुजवली. १९९९ मध्ये जॉन डोअर यांनी ती गूगलमध्ये नेली. आज तिचे तक्ते पुष्कळ कंपन्या भरतात. त्यातला 'मोजक्या' हा भाग मात्र झटकन विसरला जातो. नवं ध्येय घेताना कोणतं काम थांबवणार, हे ठरलं नसेल, तर रोजची कामं त्याला गिळून टाकतात.

वेळेचा अंदाजही आपला हमखास चुकतो. १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत होईल असं सांगितलं. प्रत्यक्षात ५५ हून अधिक दिवस लागले. सगळंच बिघडलं तर किती लागतील, या प्रश्नाचं त्यांचं उत्तरही त्याहून कमीच होतं. म्हणून मुदत ठरवताना मनातला अंदाज बाजूला ठेवा आणि मागच्या वेळी तसल्याच कामाला किती दिवस लागले, ते तपासा.

राहता राहिला सातत्याचा प्रश्न. २१ दिवसांत सवय लागते, असं सर्रास सांगितलं जातं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवसांचा आला आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत गेला. त्यातली मला सर्वात मोलाची वाटणारी गोष्ट अशी, की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. नुकसान होतं ते 'आता खंड पडलाच आहे' म्हणून पुढचे दिवस सोडून दिल्यामुळे. तेव्हा खंड पडल्यावर काय करायचं, तेही पहिल्याच दिवशी ठरवा. काम झालं नाही म्हणून आठवड्याची आढावा बैठक रद्द करू नका. सांगण्यासारखं काही नसेल, तर ती पाच मिनिटांत संपवा. राहिलेल्या कामाची नवी तारीख आणि ते करणाऱ्याचं नाव लिहूनच उठा.