सूर कुठे तोडायचा: बडी एमन्स आणि पेडल स्टील गिटार

[काळा पडदा. आधी फक्त आवाज: पेडल स्टीलवरची एक लांब मींड.]

निवेदन:

पेडल स्टील गिटारचा विषय निघाला की लोक तिच्या रडण्याबद्दल बोलतात. सूर कसा ओघळला, कसा हळूच वर चढला, काळजाला कसा भिडला. त्यात चूक काही नाही, वाद्यच तसं आहे. पण आज ज्या वादकाला आपण ऐकणार आहोत, त्याला जरा उलट्या बाजूने ऐकून बघा. सूर कसा सुरू झाला ते राहू द्या. तो कुठे तुटला, तिकडे कान लावा.

[पडद्यावर: बडी एमन्स, वाद्यामागे बसलेला. मान खाली, खांदे सैल.]

हा बडी एमन्स. जन्म २७ जानेवारी १९३७, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं मिशावाका गाव. अकरा वर्षांचा असताना वडिलांनी मांडीवर ठेवून वाजवायची सहा तारांची स्टील गिटार आणून दिली. शेजारच्या साउथ बेंड शहरात हवाईयन संगीत शिकवणारी शाळा होती, तिथे नाव घातलं. सोळाव्या वर्षी शिक्षण सोडलं आणि क्लबांमधून वाजवायला लागला. १९५५ साली गायक लिटल जिमी डिकन्स डेट्रॉइटला आला होता, तेव्हा त्याच्या स्टीलवादकाच्या जागी ऐनवेळी एमन्सला बसवलं. तेवढ्यावर नोकरी पक्की झाली. वय अठरा.

रंगमंचावर हा माणूस फारसं काही करत नाही. हसणं बेताचं, हालचाल त्याहून बेताची. कॅमेरा चेहऱ्यावर ठेवला तर काहीच हाती लागत नाही. म्हणून आपण खाली जाऊ या.

[पडद्यावर: दोन्ही हात, अगदी जवळून. मग कॅमेरा हळूहळू वाद्याखाली.]

चार पायांवर उभं असलेलं हे वाद्य. त्यावर दोन नेक, म्हणजे तारांच्या दोन वेगळ्या पट्ट्या, प्रत्येकावर दहा तारा. पलीकडच्या नेकचं ट्यूनिंग, म्हणजे तारा कुठल्या सुरांत लावल्यात ती मांडणी, ई नाइन्थ, म्हणजे कंट्री संगीताचा ओळखीचा आवाज. अलीकडचा सी सिक्स्थ, त्याचा ओढा जॅझकडे. डाव्या हातात गुळगुळीत पोलादी बार. उजव्या हाताच्या अंगठ्यात प्लास्टिकची नखी, दोन बोटांत धातूच्या. पट्टीवर पडद्यांच्या रेघा दिसतात, पण त्या नुसत्या काढलेल्या आहेत. तार त्यांना कधी टेकत नाही. बार रेघेच्या केसभर मागे राहिला की सूर उतरलाच. सावरून घ्यायला काही नाही.

आता वाद्याखाली बघा. डावा पाय पेडलांवर. दोन्ही गुडघ्यांच्या आजूबाजूला लिव्हर, गुडघा डावीउजवीकडे, एखाद्या ठिकाणी वर सरकवून दाबायचे. उजवा पाय व्हॉल्यूमच्या पेडलवर, तो तिथून सहसा हलत नाही. पेडल दाबलं की लाकडाखालची सळई ओढली जाते आणि ठरलेल्या तारेचा ताण बदलतो. ई नाइन्थमध्ये पहिलं पेडल बी ची तार सी शार्पवर नेतं, ही पाश्चात्त्य सुरांची नावं. दुसरं जी शार्पची तार ए वर.

म्हणजे होतं काय? बार जागचा हललेला नाही, दोन तारा स्थिर वाजताहेत, आणि त्यांच्या मधूनच तिसरी तार चढत चाललीय. मींड आपल्या कानाला नवी नाही. पण दोन सुरांना जागच्या जागी धरून तिसऱ्याने सरकायचं, ही करामत या वाद्याची.

[पडद्यावर: जुनी छायाचित्रं. खालून सळया जोडलेली सुरुवातीची वाद्यं.]

पेडलं एमन्सने शोधलेली नाहीत. १९४० च्या सुमारास गिब्सन कंपनीची पेडलवाली इलेक्ट्राहार्प बाजारात होती. पण पेडलांचं काम तेव्हा साधं होतं, एका ट्यूनिंगमधून दुसऱ्यात जायचं. बदल करायचा तो सुरांच्या मधल्या वेळेत, गुपचूप. मग कंट्री गायक वेब पियर्सचं 'स्लोली' हे गाणं आलं. ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९५३ मधलं, गाजलं १९५४ साली. त्यात बड आयझॅक्स या वादकाने तार छेडली आणि ती वाजत असतानाच पेडल दाबलं. जे लपवायचं होतं तेच त्याने ऐकवलं. त्यानंतर जो तो आपल्या वाद्याला पेडलं जोडायच्या मागे लागला.

आयझॅक्सचं पेडल दोन सूर एकदम वर नेत होतं. एमन्सने ते काम दोन पेडलांत वाटलं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण फरक केवढा बघा. आधी दोन्ही सूर एकाच दोरीला बांधलेले होते. आता एक आधी चढवा, दुसरा मागून आणा, किंवा दुसऱ्याला तसाच राहू द्या. १९५७ मध्ये एमन्स गायक अर्नेस्ट टबच्या टेक्सस ट्रूबडूर्स या बँडमध्ये आला, आणि १९५८ च्या 'हाफ अ माइंड' या गाण्यात ही दोन सुटी पेडलं रेकॉर्डवर ऐकू आली. १९६२ साली त्याने ई नाइन्थमध्ये आणखी दोन तारा घातल्या, एफ शार्प आणि डी शार्प. त्या सगळ्यात वरच्या बाजूला बसवल्या, त्यामुळे बार फार न हलवता सरळ चढत-उतरत जाणारी सुरावट हाताखाली आली.

[पडद्यावर: उजवा हात. करंगळीकडची तळव्याची कड तारांना टेकते, सुटते, पुन्हा टेकते.]

हे दृश्य थोडं सावकाश दाखवतो. एमन्सच्या टोनचं गुपित कुठे असेल तर इथे आहे, असं माझं ठाम मत आहे.

साध्या गिटारवर बोट उचललं की सूर थांबतो. इथे बार उचलून चालत नाही, तार खरखरते. आणि बार न उचलता पुढच्या जागी नेला, तर आधीचा सूर त्याच्या मागे फरफटत येतो. चार सुरांनंतर सगळा चिखल. म्हणून प्रत्येक सूर हाताने बंद करावा लागतो. नखीने छेडायचं आणि पुढचा सूर लागायच्या आत तळव्याच्या कडेने तार दाबून टाकायची. त्याच वेळी डाव्या हाताची मोकळी बोटं बारच्या मागे तारांवर टेकलेली हवीत, नाहीतर तार मागच्या बाजूनेही कुरकुरत राहते. याला वादक ब्लॉकिंग म्हणतात. शिकणाऱ्याचा यात किती काळ जातो ते विचारू नका.

तळवा उशिरा टेकला की सूर एकमेकांत मिसळतात. लवकर टेकला की सूर गुदमरतो, कोरडा लाकडी आवाज उरतो. एमन्सचं ऐका.

[ध्वनी: जलद तान, निवेदनाशिवाय. आठ-दहा सेकंद.]

प्रत्येक सूर पुरता फुललाय आणि मगच कापलाय. इतक्या वेगात! मधल्या फटी इतक्या स्वच्छ आहेत की ऐकणाऱ्याला वेग जाणवतच नाही, सगळं आरामात चाललंय असं वाटतं. आणि मग त्याच तानेच्या शेवटी तो एक सूर मुद्दाम सोडून देतो. तळवा उचललेला, व्हॉल्यूमचं पेडल हलकेच पुढे, आणि सूर विझायला लागतो तसा पाय त्याला उचलून धरतो. हा सूर काळजात घुसतो तो त्याच्या आधीचे सगळे नेमके तोडले होते म्हणून. सलग रडणाऱ्याकडे दहा मिनिटांनी कोणी बघत नाही.

व्हॉल्यूमच्या पेडलबद्दलही थोडं सांगायला हवं. तारेचा आवाज छेडल्याक्षणी मोठा असतो आणि मग उतरत जातो. पाय उतरणीला भरून काढतो, म्हणून सूर गळ्यातून आल्यासारखा लांबतो. मोह असा होतो की छेडताना आवाज पूर्ण बंद ठेवायचा आणि मागून फुगवायचा. सुरुवातीचा घाव लपतो, सगळं मऊशार होतं. पुष्कळ जण तसंच वाजवतात, आणि खरं सांगायचं तर त्याचा कंटाळा येतो. एमन्स घाव लपवत नाही. नखी तारेला लागलेली ऐकू येते. त्याच्या सुराला कणा आहे तो त्या घावामुळे.

[पडद्यावर: ट्यूनिंगसाठी फिरणारी किल्ली, तारांची टोकं.]

आणि सूर लावणं. पियानोवरचा गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो, शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर. तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येतो तो स्वयंभू गंधार सुमारे ३८६ वर. हा १४ सेंटचा फरक कानाला चांगलाच कळतो. अनेक स्टीलवादक गंधाराची तार स्वयंभू गंधाराच्या जवळ, उतरती लावतात, म्हणून त्यांचे एकत्र वाजणारे सूर इतके गोड लागतात. पण शेजारी पियानो असला की पंचाईत. त्यात पेडलं दाबल्यावर तारांचा ताण वाढून वाद्याचा सांगाडा किंचित वाकतो आणि न दाबलेल्या तारा कणभर उतरतात. या सगळ्यातून वाट काढायची ती डाव्या हाताने, चालू गाण्यात.

[पडद्यावर: १९६३ सालच्या तबकड्यांची मुखपृष्ठं.]

१९६२ मध्ये एमन्स गायक रे प्राइसच्या चेरोकी काउबॉइज या बँडमध्ये गेला. पुढच्याच वर्षीचं प्राइसचं 'नाइट लाइफ'. गीत विली नेल्सनचं. सुरुवातीलाच एमन्सची स्टील ब्लूजच्या चालीत येते, आणि गायकाने तोंड उघडायच्या आत रात्र झालेली असते. त्याच १९६३ च्या जुलैमध्ये तो न्यूयॉर्कला जाऊन जॅझ वादकांबरोबर बसला. पियानोवर बॉबी स्कॉट, ड्रम्सवर चार्ली पर्सिप, सॅक्सोफोनला जेरोम रिचर्डसन, बेसला आर्ट डेव्हिस. 'स्टील गिटार जॅझ' ही तबकडी त्यातून निघाली. हे वाद्य म्हणजे खेडवळ गाण्यांच्या मागची सजावट, असं समजणाऱ्यांना ती आजही ऐकवावी. सॅक्सोफोनच्या शेजारी बसून वाजवताना स्टील कुठेही दबत नाही, कारण तिचं प्रत्येक वाक्य जिथे संपायला हवं तिथे संपतं.

मधली काही वर्षं गमतीची आहेत. १९६७ साली हा माणूस लॉस एंजेलिसला गेला तो गायक रॉजर मिलरच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवायला! स्टील सुटली नव्हती. १९६८ मध्ये जूडी कॉलिन्सने गायलेल्या 'समडे सून' मधली स्टील त्याचीच. १९७४ मध्ये तो नॅशव्हिलला परतला. पुढे १९९० च्या दशकात एव्हर्ली ब्रदर्सबरोबर दौरे केले.

वाद्य बनवण्यातही त्याचा हात होता. १९५७ मध्ये स्टीलवादक शॉट जॅक्सनबरोबर त्याने शो-बड कंपनी काढली, नाव दोघांच्या नावांतून आलेलं. १९६३ नंतर स्वतःच्या नावाची एमन्स गिटार. तिच्या पुश-पुल पद्धतीत पेडल दाबलेलं नसताना तारेचं टोक पक्क्या आधाराला घट्ट टेकून राहतं, आणि त्यामुळे तारेचं कंपन लाकडात नीट उतरतं, असं तिचे चाहते सांगतात. सूर लावायला मात्र ती महा किचकट. जुन्या पुश-पुल आजही लोक शोधत फिरतात. शोधू देत. त्यांना एमन्सची गिटार मिळते, तळहात मिळत नाही.

[पडद्यावर: सभागृह. पुढच्या रांगांतले प्रेक्षक माना वाकवून वादकाच्या पायांकडे बघताहेत.]

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात दरवर्षी लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीच्या सुट्टीच्या, सुमारास आंतरराष्ट्रीय स्टील गिटार अधिवेशन भरायचं. डिविट स्कॉट यांनी ते सुरू केलं. समोर बसलेले बहुतेक स्वतःच वादक, म्हणजे फसवायची सोय नाही. तिथे एमन्स मंचावर आला की चेहऱ्याकडे कोणी बघत नसे. नजरा पेडलांवर, गुडघ्यांवर, उजव्या तळव्यावर. पलीकडच्या नेकवरून अलीकडच्या नेकवर हात येतो, कंट्रीतून स्विंग सुरू होतं, आणि टोन बदलूनही माणूस तोच राहतो. १९८१ मध्ये स्टील गिटार हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. २१ जुलै २०१५ रोजी तो गेला.

सगळ्यांनी त्याच्यासारखंच वाजवावं असं नाही. रॉबर्ट रँडॉल्फला ऐका. हाउस ऑफ गॉड चर्चच्या प्रार्थनांमध्ये १९३० च्या दशकापासून स्टील गिटार गातेय, त्या परंपरेतून तो आला. तेरा तारांची पेडल स्टील, आवाज फाटेपर्यंत चढवलेला, रंगात आला की बसायची खुर्चीही सोडून उभा. तिथे सूर सुटासुटा कापणं हा हेतूच नाही, सूर किंचाळायला हवा असतो आणि किंचाळतोही. स्टीलवादक जॉन ह्यूईने कंट्री गायक कॉन्वे ट्विटीच्या गाण्यांत बार पार वरच्या टोकाला नेऊन जे कळवळणं ऐकवलं, तेही वेगळंच. मला ते दोघंही आवडतात. फक्त त्यांना ऐकल्यावर कान पुन्हा साफ करायला मी एमन्सकडे येतो.

[पडद्यावर: कारखान्यातलं नवं वाद्य. अजून तारा चढवलेल्या नाहीत. कारागीर खालून सळया जोडतोय.]

आज नवी पेडल स्टील करून घ्यायची, तर पेडलांचा क्रम आधी सांगावा लागतो. पहिल्या तीन पेडलांना ए, बी, सी म्हणतात. ती डावीकडून ए-बी-सी अशी बसवली तर त्याला म्हणतात एमन्स सेटअप. उलट, सी-बी-ए, तर डे सेटअप, एमन्सचाच समकालीन जिमी डे याच्या नावावरून. दोन्हींत सूर तेच लागतात, फक्त पाय कुठल्या बाजूला कलणार ते बदलतं. कारागीर ऑर्डर लिहून घेताना विचारतो, एमन्स की डे? ज्याने अजून एक तारही छेडलेली नाही, त्यालाही उत्तर द्यावंच लागतं. मग कारागीर त्याप्रमाणे सळया जोडायला घेतो.