सहावा नंबर

(पडद्यावर: प्रेक्षकांत बसलेला एक उंच पोरगा, डोळे मोठे, तोंड उघडं. क्लिप तिथेच थांबते.)

हा चेहरा नीट बघा. 21 जून 2019, व्हँकुव्हर. मॉरित्झ सायडर, वय 18, जर्मनीचा, आणि आत्ता एका सेकंदापूर्वी त्याने माईकवरून स्वतःचं नाव ऐकलंय. असा चेहरा आपल्याकडे कधी होतो, तर चुकून दुसऱ्याच्याच सत्काराला स्टेजवर बोलावलं की. डेट्रॉईट रेड विंग्ज या आमच्या हॉकी टीमने त्याला सहाव्या नंबरवर घेतलं होतं आणि ते त्याला स्वतःलाच खरं वाटत नव्हतं, मग इकडे मिशिगनमध्ये सोफ्यावर बसलेल्या आमचं काय झालं असेल विचार करा.

मी सांगतो काय झालं. मी हातातला पिझ्झा खाली ठेवला आणि म्हणालो, कोण?

बरं, थांबा, आधी थोडं बेसिक, कारण हॉकी म्हटलं की आपल्या डोक्यात ध्यानचंद येतात. ही बर्फावरची हॉकी, तिची लीग एनएचएल, अमेरिका-कॅनडा मिळून 32 टीम. दर वर्षी साधारण जूनच्या शेवटी ड्राफ्ट होतो, सात राउंड, जगभरातली 18 वर्षांची पोरं. आयपीएलच्या लिलावासारखं वाटतं पण तसं अजिबात नाहीये, इथे बोली नाही, पैसे ओतून पोरगा मिळत नाही, पाळीपाळीने नाव घ्यायचं आणि ज्यांचा सीझन वाईट गेला त्यांची पाळी आधी, त्यातही वरच्या नंबरांसाठी लॉटरी. आणि मेन फरक म्हणजे लिलावात घेतलेला बॉलर काही महिन्यांत मैदानावर दिसतो, हा पोरगा तुम्हाला दोन वर्षं, चार वर्षं दिसतच नाही. तो परत स्वीडनला जातो, नाहीतर कॅनडातल्या ज्युनिअर लीगमध्ये, नाहीतर कॉलेजात. मग तोपर्यंत फॅनने करायचं काय? तर पत्रिका मांडायची.

पत्रिकाच म्हणतो मी त्याला. उंची, वजन, जन्मतारीख, वडील काय करायचे, भाऊ खेळतो का. वधूवर मेळाव्यातला बायोडेटा आणि प्रॉस्पेक्टचं, म्हणजे अशा होतकरू पोराचं, प्रोफाइल शेजारी शेजारी ठेवा, फरक फक्त गोत्राचा. जन्मतारखेला तर खरंच किंमत आहे, कारण 15 सप्टेंबरपर्यंत 18 पूर्ण हवेत, म्हणजे 15 सप्टेंबरला जेमतेम अठरा झालेला आणि 16 सप्टेंबरला एकोणीस होणारा, दोघं एकाच ड्राफ्टमध्ये, आणि त्या वयात एक वर्ष म्हणजे काय ते घरात पोरगा वाढलेल्या प्रत्येकाला माहितीये, एका उन्हाळ्यात पँटी तोकड्या होतात.

(पडद्यावर: एक वही. कोपरे दुमडलेले.)

ही माझी वही. प्रत्येक ड्राफ्टच्या रात्री मी यात नावं लिहितो आणि पुढे ग्रेड देतो. हसू नका, असे हजारो लोक आहेत.

2018 चं पान बघा. डॅलसला ड्राफ्ट होता, तेव्हाही डेट्रॉईटचा नंबर सहावाच. आणि आमच्यापर्यंत कोण घसरत आला, तर फिलिप झादिना. चेक पोरगा, हॅलिफॅक्सच्या ज्युनिअर टीमसाठी 57 मॅचमध्ये 44 गोल, बहुतेक सगळ्या याद्यांमध्ये पहिल्या चारात नाव. मॉन्ट्रियलने सोडला, ओटावाने सोडला, अॅरिझोनाने सोडला, आणि आम्ही अक्षरशः उड्या मारल्या. त्यात पोरगा काय बोलला, तर ज्यांनी मला घेतलं नाही त्यांची जाळी मी पकने (बॉलऐवजी असते ती चकती) भरून टाकेन! अरे मग काय, आमच्यासाठी तो त्याच क्षणी हिरो. वहीत मी लिहिलंय ए प्लस, खाली दोन रेघा, आणि बाजूला बारीक अक्षरात '40 गोल?'

सातव्या नंबरवर व्हँकुव्हरने क्विन ह्यूज घेतला. तो आमच्या घराजवळचा, म्हणजे खरंच घराजवळचा, प्लिमथला खेळलेला, अॅन आर्बरला मिशिगन युनिव्हर्सिटीकडून खेळणारा. आम्ही म्हणालो छोटा आहे हो, डिफेन्समन एवढा छोटा कसा चालेल. 2024 मध्ये क्विन ह्यूजला नॉरिस ट्रॉफी मिळाली, म्हणजे लीगमधला सर्वोत्तम डिफेन्समन, त्या सीझनला 92 पॉइंट, म्हणजे स्वतःचे गोल आणि दुसऱ्यांना करून दिलेले गोल मिळून. आणि झादिना? डेट्रॉईटकडून 190 मॅच, 28 गोल. 2023 च्या उन्हाळ्यात त्याने चक्क 45 लाख डॉलरपेक्षा जास्त पैशांवर पाणी सोडलं, कॉन्ट्रॅक्ट रद्द करून घेतलं आणि निघून गेला. मला त्याचा राग नाही येत बरं का, उलट वाईट वाटतं, 22-23 वर्षांचा पोरगा, शॉट मारायला जायचा आणि काठी अशी घट्ट धरायचा की टीव्हीवरूनसुद्धा त्याचं टेन्शन दिसायचं. ते टेन्शन कुठून आलं त्यात आमच्या '40 गोल?' चा थोडा हात असणारच.

तर हे सगळं पचायच्या आतच, पुढच्याच वर्षी तो सायडर.

आता 2019 ला नवीन जीएम, म्हणजे टीम बांधणारा जनरल मॅनेजर, होता स्टीव्ह आयझरमन. डेट्रॉईटमध्ये हे नाव कसं घेतात सांगू, जसं मुंबईत सचिन. वीस वर्षं कॅप्टन, तीन स्टॅनले कप, म्हणजे तीनदा एनएचएलचं विजेतेपद, मग टॅम्पाला जाऊन जीएम म्हणून टीम बांधली आणि एप्रिल 2019 ला घरी परत. पहिलाच ड्राफ्ट. सगळे वाट बघतायत, समोर झेग्रस आहे, कोझेन्स आहे, बोल्डी आहे, गोल मारणारा कॉफील्ड आहे, आणि साहेबांनी घेतला मानहाइमचा डिफेन्समन ज्याचे जर्मन लीगमध्ये 29 मॅचला 6 पॉइंट. सहा! बऱ्याच याद्यांमध्ये तो पंधराच्याही खाली होता. माझ्या वहीत 'सी', आणि पुढे प्रश्नचिन्ह. एक मित्र तर म्हणाला, दहा नंबर खाली जाऊन पण हाच मिळाला असता, वर एखादा जास्तीचा पिकही, म्हणजे नाव घ्यायची पाळी, मिळाला असता, घाई कशाला? आणि हा मुद्दा बावळट नव्हता, अजूनही नाहीये, फॅनचं लॉजिक दर वेळी चुकीचंच असतं असं नाही.

पण आम्ही एक गोष्ट धड बघितली नव्हती. ते सहा पॉइंट दाढीवाल्या, बायकापोरं असलेल्या पुरुषांविरुद्ध होते, आणि झादिनाचे 44 गोल समवयस्क पोरांविरुद्ध. 17 वर्षांच्या पोराला जर्मनीतली चॅम्पियन झालेली टीम प्लेऑफमध्ये बर्फावर उतरवते, याचा अर्थ कोचचा त्याच्यावर विश्वास आहे, आणि विश्वासाचा कॉलम स्टॅटशीटमध्ये नसतो.

पुढचं आता सगळ्यांना माहितीये. एक वर्ष ग्रँड रॅपिड्सला खालच्या टीमकडे, मग कोविडच्या वर्षी स्वीडनमध्ये, तिथे लीगचा सर्वोत्तम डिफेन्समन, आणि 2021-22 ला एनएचएलमध्ये सगळ्या 82 मॅच, 50 पॉइंट, काल्डर ट्रॉफी, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू. पुढची तीन वर्षंही 82 पैकी 82. तो '6' चा आकडा मी अजून खोडलेला नाही, 'सी' मात्र खोडलाय, पेनाने, रागाने.

आपल्याकडे म्हणतात ना, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. दिसतात हो, पण पाळणा मानहाइमला आणि आपण मिशिगनमध्ये असं असेल तर कसे दिसणार.

(पडद्यावर: रेड विंग्जचं जुनं स्टेडियम, रिकामं जो लुईस अरिना, 2017.)

आता तुम्ही म्हणाल एवढं वेड कशासाठी. तर त्याला कारण आहे, आम्हाला लाडावून ठेवलं होतं. 1991 ते 2016, सलग 25 सीझन प्लेऑफ. तेवढ्या काळात पोरगा जन्मून, शिकून, नोकरीला लागतो. आणि ती टीम कुठून आली, तर ड्राफ्टच्या तळातून. 1989 ला लिडस्ट्रॉम तिसऱ्या राउंडला, 53 वा, त्याच वर्षी फेडोरोव्ह 74 वा. 1998 ला डात्सुक 171 वा, 1999 ला झेटरबर्ग 210 वा, म्हणजे जवळजवळ हॉल रिकामा होत आल्यावर घेतलेला पोरगा आणि 2008 च्या कपमध्ये तोच सर्वोत्तम खेळाडू. त्यामुळे डेट्रॉईटच्या फॅनला सातव्या राउंडचा कुठलाही स्वीडिश पोरगा दाखवा, त्याला त्यात झेटरबर्ग दिसतो. हा आजारच आहे. त्या काळी स्वीडन-रशियाच्या आडगावातल्या रिंकवर जाऊन बसणारे स्काऊट, म्हणजे पोरं हेरणारे, फार थोडे, डेट्रॉईटचा हॉकन अँडरसन त्यातला एक, आणि डात्सुक त्याला सापडला तोही दुसऱ्याच एका डिफेन्समनला बघायला गेला असताना. आज प्रत्येक मॅचचा व्हिडिओ सगळ्या 32 टीमकडे आहे, लपून राहायला जागाच नाही. पण फॅनला कोण समजावणार.

गंमत म्हणजे खुद्द आयझरमन कसा आला माहितीये? 1983, चौथा नंबर. डेट्रॉईटला हवा होता पॅट लाफाँटेन, इथल्या वॉटरफर्डमध्ये वाढलेला, लोकल पोरगा, तिकिटं खपली असती. तो तिसऱ्या नंबरवर आयलँडर्सनी नेला. मग उरलेल्यातला आयझरमन.

आणि 2016 नंतर? 2025 पर्यंत सलग नऊ सीझन प्लेऑफ नाही. 2024 ला तर गुणतक्त्यात वॉशिंग्टनइतकेच 91 पॉइंट आणि टायब्रेकरवर बाहेर, हातातोंडाशी आलेला घास. लॉटरीचं विचारूच नका. 2020 ला 71 मॅचमध्ये फक्त 17 विजय, लीगमध्ये शेवटून पहिले, तेही खूप अंतराने, आणि लॉटरीत आमचा नंबर आला चौथा. चौथा! त्यात लुकास रेमंड मिळाला आणि त्याने 2024-25 ला 80 पॉइंट केले म्हणून गप्प बसलोय.

या नऊ वर्षांत टीम अशी आम्हाला नव्हतीच, म्हणजे होती, हरत होती. खरी टीम होती प्रॉस्पेक्टची. दुपारी एक वाजता, ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून स्वीडनची मॅच बघायची, कारण तिकडे संध्याकाळचे सात. सप्टेंबरमध्ये ट्रॅव्हर्स सिटीला गाडी काढून जायचं, तिथे पोरांची टूर्नामेंट. आणि ग्रँड रॅपिड्स, जिथे ग्रिफिन्स खेळतात, डेट्रॉईटची खालची टीम. 2017 चं बीएमएमचं, म्हणजे बृहन्महाराष्ट्र मंडळाचं, अधिवेशन झालं ना, त्याच गावात, जुलैमध्ये. तिथे आम्ही मसालेभात खात होतो आणि महिनाभर आधीच ग्रिफिन्सनी काल्डर कप, म्हणजे त्या खालच्या लीगचा कप, जिंकला होता, आणि अख्ख्या मांडवात हे सांगायला मला एकच माणूस सापडला, तोसुद्धा ऐकून घेत होता कारण रांग पुढे सरकत नव्हती.

आणि मग येतात अशा केस ज्यांचा निकालच लागत नाही. 2021, गोलकीपर सेबॅस्टियन कोसा. त्याच्यासाठी आयझरमनने डॅलसला तीन पिक दिले आणि वर सरकून 15 वा नंबर घेतला, तोही वॉलस्टेट हा दुसरा गोलकीपर समोर दिसत असताना. डॅलसने त्यातल्या 23 व्या पिकवर घेतला वायट जॉन्स्टन, ज्याने 2023-24 ला 32 आणि 2024-25 ला 33 गोल केले. म्हणजे हरलो? थांबा. कोसा 2024 च्या डिसेंबरमध्ये बफेलोला मॅच चालू असताना आत आला, आयुष्यातली पहिली एनएचएल मॅच, आणि शूटआऊटमध्ये जिंकून बाहेर आला. गोलकीपर उशिरा पिकतात, पंचविशीपर्यंत काही बोलू नये म्हणतात. चार वर्षं झाली, मी त्याच्या नावापुढे पेन्सिलने लिहितो, खोडतो, परत लिहितो, त्या जागी कागद आता पातळ झालाय.

(पडद्यावर: वहीचं शेवटचं पान, हाताने अर्धं झाकलेलं.)

27 जून 2025. नंबर 13, कार्टर बेअर, एव्हरेटच्या ज्युनिअर टीमचा विंगर, पायाच्या मोठ्या दुखापतीतून उठलेला. बायोडेटा बघून, चार क्लिप बघून, रात्री दोन वाजेपर्यंत मित्रांशी भांडून मी ग्रेड दिली. ती काय ते सांगणार नाही. फक्त एवढं सांगतो, या वेळी पेन्सिल वापरलीये.