बनावट ओळखपत्र: ठसा सापडला, पण तो कुठे?

नमस्कार मंडळी!

(कार्ड कॅमेऱ्याजवळ, तिरकं धरून) हे माझंच ओळखपत्र. उजेडात डाग दिसतायत ना? बोटांचे ठसे. यातले माझे किती आणि ज्यांनी ज्यांनी हे तपासायला हातात घेतलं त्यांचे किती, कोण सांगणार? बनावट कार्ड पकडलं जातं तेव्हा तपासणाऱ्यांची पहिली पंचाईत हीच.

बरं, ठसा दिसायला तर हवा! प्लास्टिकवर सायनोअ‍ॅक्रिलेटची, म्हणजे झटपट चिकटणाऱ्या गोंदाची, वाफ देतात. ठसा पांढरा उमटतो. पण खाली सुरक्षेसाठी छापलेली बारीक नक्षी! तिच्या वळणदार रेघांत ठशाच्या रेषा हरवतात. चमकणारा रंग चढवावा, तर कार्डावरची अतिनील प्रकाशात उजळणारी शाईही चमकायला लागते.

कागदाची गोष्ट वेगळी. कागद घाम शोषतो, त्यातली अमिनो आम्लं धाग्यांत टिकतात. निनहायड्रिन नावाचं रसायन लावलं की ठसा जांभळा होतो. 1954 पासून ठशांसाठी ही युक्ती माहीत आहे. घोळ होतो तो निनहायड्रिन ज्यात विरघळवतात, त्या द्रावकामुळे. चुकीचा द्रावक वापरला की शाई पसरते, आणि खाडाखोड केलेली तारीख हाच तर पुरावा असतो! म्हणून आधी फोटो, मग शाई आणि अक्षरांची तपासणी, कागदावर दाबून उमटलेल्या खुणा, आणि ठशांची रसायनं त्यानंतर. हा क्रम चुकला की मागे फिरता येत नाही.

आता माझा आवडता भाग. फोटो बदलणारा माणूस लॅमिनेशन सोलतो, नवा फोटो डकवतो, वरून पुन्हा चिकटवतो. बाहेरून कार्ड शंभर जणांनी हाताळलं असेल, पण आतल्या चिकट बाजूला बोट लागलं ते बहुधा आत हात घालणाऱ्याचंच. तिथे चिकट बाजूवरचा ठसा रंगवणारं जेन्शन व्हायोलेट कामाला येतं. अर्थात तिथवर पोचायला लॅमिनेशन उघडावं लागतं, आणि छेडछाडीच्या खुणाही तिथेच असतात. त्यामुळे आधी त्यांची नोंद, मगच सोलणं.

ठसा किती दिवसांपूर्वीचा, हे खात्रीने सांगणारी पद्धत नाही. पण क्रम कधीकधी कळतो. (कागदावर फोटो ठेवून दाखवतो) समजा, अर्धा ठसा कार्डावर आहे आणि फोटोच्या कडेशी तुटतोय. फोटो उचलला, तर उरलेला अर्धा खाली! म्हणजे आधी बोट, मग फोटो.