भाजीची पिशवी

(पहाट. नागपूरचा फुटाळा तलाव. पाण्यावर धुकं. कठड्यावर बसून एक माणूस बुटाची लेस बांधतोय.)

हा माझा दादा. वय ५४. कळमन्याच्या मार्केटात एका आडत्याकडे २८ वर्षं हिशेब लिहितोय. संत्र्याचा हंगाम असला की सकाळी गादीवर बसलेला माणूस उठतो तो फक्त जेवायला. लेसचे बूट त्यानं पहिल्यांदा घेतले ते गेल्या वर्षी. अजूनही लेस बांधताना तो जीभ दातांत धरतो, लहानपणी संक्रांतीला पतंगाची कन्नी बांधताना धरायचा तशी.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी अंथरुणातून उठताना त्याला घर गरगर फिरताना दिसलं. दोन दिवस तसंच चाललं. ते निघालं कानाचं. आतल्या कानातले बारीक कण जागचे हलले होते, डॉक्टरांनी डोकं एका ठरावीक पद्धतीनं वळवून ते जागेवर बसवले आणि चक्कर थांबली. पण तोवर खबरदारी म्हणून एमआरआय झाला होता. रिपोर्ट पाकिटात घालून हातात मिळाला. समजावून सांगायला कुणी थांबलं नाही. घरी येऊन वहिनीनं मोबाईलवर एकेक शब्द शोधला. शेवटून तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, मेंदूच्या खोल भागात एक जुना, लहान इन्फार्क्ट (रक्त न मिळाल्यानं मेलेला भाग) असण्याची शक्यता.

वहिनीनं त्यातून एकच अर्थ काढला: ह्यांना लकवा मारून गेला आणि आपल्याला पत्ताही लागला नाही.

आमच्या घरात लकवा हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. बाबा त्यातच गेले. दोन वर्षं पलंगावर होते, आई त्यांना चमच्यानं वरण भरवायची. त्यामुळे दादाचा रिपोर्ट आला त्या संध्याकाळी आई त्याच्या उशाशी येऊन बसली आणि म्हणाली, "आता पडून राहा बाबू. कुठं जाऊ नको, काही उचलू नको."

(एमआरआयची फिल्म खिडकीच्या उजेडात धरलेली. बोट एका ठिपक्यावर थांबतं.)

हाच तो ठिपका. मध्ये काळा, कडेला पांढरी झालर. रुंदी ५ मिलिमीटर, म्हणजे तुरीच्या डाळीचा एक दाणा.

मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्क्यांच्या आसपास, पण शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूतला २० टक्के तो एकटा वापरतो. मोठ्या रक्तवाहिन्यांना फुटलेले केसासारखे बारीक फाटे मेंदूच्या खोल भागात जातात. बीपी वर्षानुवर्षं चढलेलं राहिलं की ह्या फाट्यांच्या भिंती जाड आणि कडक होत जातात, आणि एक दिवस एखादा फाटा बंद पडतो. त्याच्यावर जगणारा तेवढा कण मरतो. तो कण हात हलवण्याच्या किंवा बोलण्याच्या वाटेवर नसला, तर माणसाला काहीच जाणवत नाही. म्हणून ह्याला सायलेंट स्ट्रोक म्हणतात, मूक झटका. वय झालेल्या, वरकरणी ठणठणीत माणसांचे एमआरआय काढले तर साधारण पाचातल्या एकाच्या मेंदूत असा डाग सापडतो. दादासारख्या पन्नाशीतल्यांत तो कमी सापडतो, आणि सापडला तर तो हलक्यात घ्यायचा नसतो. ज्यांच्या मेंदूत असे डाग असतात त्यांना पुढे खराखुरा झटका येण्याचा आणि स्मृतिभ्रंशाचा धोका दुपटीच्या घरात जातो.

मग रिपोर्टमध्ये 'शक्यता' का लिहिलं? कारण रक्तवाहिनीभोवतीची नुसती रुंदावलेली पोकळीही फिल्मवर जवळपास अशीच दिसते, आणि ती बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. आकार, जागा आणि कडेची झालर पाहून डॉक्टर अंदाज बांधतात. धंतोलीतल्या न्यूरॉलॉजिस्टांनी दादाला सरळ सांगितलं, "हा डागच असावा. पण नसला, तरी तुमचं बीपी १५८ आणि ९६ आहे. उपाय दोन्हीकडे एकच."

मात्र हे बोलणं झालं तीन आठवड्यांनी. त्या तीन आठवड्यांबद्दल मला सांगायचं आहे.

(रिकामा दिवाण. भिंतीवरच्या खुंटीला खाकी कापडाची पिशवी.)

दर रविवारी सकाळी गोकुळपेठेच्या बाजारातून भाजी आणणं हे दादाचं काम. पिशवी घेऊन पायी जायचं, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या हुंगून बघायच्या, दोन्ही हातांनी ओझं आणायचं. आठवडाभरात त्याच्या अंगाला मिळणारी चालण्याची संधी तेवढीच. वहिनीनं पहिल्यांदा काढून घेतली ती पिशवी. मग स्कूटरची चावी. मग जिना, त्याची खोली वरून खाली आली. पाण्याचा ग्लाससुद्धा कुणीतरी हातात आणून द्यायचं. मीही त्यात होते. रोज फोन करून विचारायचे, "पडून आहेस ना?" आणि तो "हो" म्हणाला की मला बरं वाटायचं.

तीन आठवड्यांत त्याचं वजन ३ किलोनं वाढलं. रात्रीची झोप गेली, कारण दिवसभर पडूनच होता. तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी वाढली. आणि तो गप्प झाला. आडत्याकडून फोन आला तर उचलायचा नाही. एकदा म्हणाला, "बाबांच्याच जागी येऊन राहिलो ना मी."

आमच्या मायेनंच त्याला तिथं नेऊन बसवलं होतं.

न्यूरॉलॉजिस्टांनी विचारलं, आराम करायला कुणी सांगितलं? कुणीच सांगितलं नव्हतं. चालल्यानं डोक्यातली नस फुटेल, ही भीती आम्हीच घरात शिजवली होती. प्रत्यक्षात नियमित चालणं हे बीपीवरचं औषधच आहे. बीपी असलेल्या माणसानं आठवड्यातले बहुतेक दिवस दम लागेल असा व्यायाम केला तर वरचा आकडा साधारण ५ ते ८ नं उतरतो. गोळी सुटत नाही, पण तिला जोड मिळते.

आधी तपासण्या झाल्या: ईसीजी, साखर, कोलेस्टेरॉल, मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी. नाडीचे ठोके अनियमित नाहीत ना, हेही पाहिलं, कारण त्यातून गुठळ्या होऊ शकतात. बीपीची आणि कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली. रक्त पातळ करायच्या गोळीचं शेजारच्या काकांनी सुचवलं होतं. ती अशी मनानं घ्यायची नाही. प्रत्येक मूक डागाला ती लागतेच असं नाही, आणि तिनं रक्तस्रावाचा धोका वाढतो. ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

आणि खर्रा बंद. तंबाखू रक्तवाहिन्या आवळते, हे दादाला ठाऊक होतंच. सोडायला चार महिने लागले, दोनदा परत सुरू झाला. ज्यांनी सोडलाय त्यांना ह्याची किंमत कळेल.

(सकाळ. सिव्हिल लाइन्सचा रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं.)

पहिल्या आठवड्यात १० मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. वहिनी चार पावलं मागे. त्याला कळू नये म्हणून ती ओढणीत मोबाईल लपवून त्यावर ॲम्ब्युलन्सचा १०८ नंबर काढून ठेवायची. मग १५ मिनिटं, मग २०. दीड महिन्यानं तो आठवड्यातले पाच दिवस ३० मिनिटं चालू लागला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं म्हणते, ती एवढीच भरतात. वेग कसा ओळखायचा? चालताना सोबतच्याशी बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. दादाला चालताना जुनी गाणी गुणगुणायची सवय. त्यामुळे त्याचं माप आम्हाला लांबूनच कळतं. आवाज आला की वहिनी ओरडते, "अहो, गाणं ऐकू येऊन राहिलं!"

आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम. हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं, दहा वेळा. पाण्यानं भरलेल्या लिटरच्या बाटल्या उचलणं. त्यात श्वास रोखायचा नाही, रोखला की बीपी उसळतं. ओट्याला बोट टेकवून एका पायावर उभं राहणं हा तोल सांभाळायचा व्यायाम. पोळ्या होईपर्यंत त्याचे दोन्ही पाय होतात.

आता सेमिनरी हिल्स. सेंट चार्ल्स सेमिनरीवरून टेकडीला हे नाव पडलं. आपलं नागपूर बरंचसं सपाट, चढ म्हणावा असा इथं मिळतो. दादा इथं येतो त्याला कारण आहे. न्यूयॉर्कमध्ये उतारवयातल्या १,२०० हून अधिक लोकांचे एमआरआय काढून केलेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यात जास्त आणि दमवणारा व्यायाम करणाऱ्यांत असे मूक डाग सुमारे ४० टक्के कमी आढळले. हलक्याफुलक्या हालचालीनं मात्र फरक दिसला नाही. एवढ्यावरून व्यायामानंच डाग टळले असं सिद्ध होत नाही, हे मान्य. पण घाम यावा असा चढ चढायला हे कारण मला पुरेसं वाटतं. अर्थात, बीपी आटोक्यात आल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. छातीत दाटलं, चक्कर आली, भलताच दम लागला, तर तिथंच थांबायचं.

झालेला डाग पुसला जात नाही. दुसरा होऊ नये, म्हणून हे सगळं.

मे महिन्यात काय करायचं, हा नागपूरकरांचा खरा प्रश्न. पारा ४५ च्या पुढे जातो. तेव्हा दादा पाचला निघून सहाला घरी असतो. नवतपात तर घरातल्या घरात, कूलरसमोर, जिन्यावर. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. उन्हाळ्यात त्यांचा डोस डॉक्टरांना विचारून घ्यावा लागतो. डिसेंबरात उलटं. थंडीनं बीपी चढतं, म्हणून ऊन अंगणात उतरल्यावरच बूट घालायचे.

ताटातही बदल झाला. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सगळ्या पदार्थांतलं मिळून एक लहान चमचा. लोणचं आणि पापड आता फक्त सणाला. तर्री पोहे महिन्यातून एकदा, तेही चालून आल्यावर. ह्याबद्दल तो अजून कुरकुरतो.

(फ्रिजवर चिकटवलेला कागद. वहिनीचं अक्षर.)

तोंड वाकडं. हात लुळा. बोलणं अडखळणं. अचानक तोल जाणं. अचानक दिसेनासं होणं. ह्यातलं एकही झालं तर लगेच १०८. दहा मिनिटांत आपोआप बरं वाटलं तरी जायचंच. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटका सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. बाबांच्या वेळी आम्ही सकाळ होण्याची वाट पाहिली होती.

(रविवार. गोकुळपेठचा बाजार. गाजर, मेथी, संत्र्यांचे ढीग.)

दिवाळीनंतरच्या एका रविवारी वहिनीनं खुंटीवरची पिशवी काढली, झटकली आणि काही न बोलता त्याच्यासमोर धरली. तो तिच्याकडे बघत राहिला. "घ्या ना," ती म्हणाली, "मला एकटीला उचलत नाही." तिला उचलतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

(घर. टेबलावर बीपीचं मशीन आणि वही.)

वहीतला आजचा आकडा १२८ आणि ७८. कॅमेरा आवरताना दादानं विचारलं, "तुझं किती असते?" माझं वय ४९. मी कधी मोजलंच नव्हतं. बाबा माझेही होते, हे त्यानं आठवण करून द्यावं लागलं.

त्यानं मला खुर्चीत बसवलं. पाठ टेकव. पाय जमिनीला. अर्ध्या तासात चहा घेतला नाहीस ना? पाच मिनिटं नुसती बस. मग माझा हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवून त्यानं दंडाला पट्टा गुंडाळला, जीभ दातांत धरून.

"आता बोलू नको," तो म्हणाला. "बोललं की आकडा चुकते."

(पट्टा फुगण्याचा आवाज.)