मूळव्याधच असेल हो!

पुण्यात कुठल्याही रस्त्याने जा, भिंतीवर नाहीतर रिक्षाच्या मागे ती पाटी दिसतेच, मूळव्याध, भगंदर, फिशर, खात्रीशीर इलाज. म्हणून शौचाला रक्त दिसलं की आपण आधी म्हणतो, मूळव्याधच असेल हो, परवाची मिसळ बाधली. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण कधी कधी ते मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं रक्त असतं, आणि २०२२ मध्ये जगभरात या कॅन्सरचे १९ लाखांवर नवे पेशंट सापडलेत.

आपल्याकडे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी, त्यामुळे तिशीपुढच्यांच्या सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कॅन्सर, आतडं नाहीच. म्हणजे हे काम गल्लीतल्याच कुणीतरी अंगावर घ्यायचं.

हा ज्येष्ठ नागरिक संघाचा हॉल. शिबिर म्हणजे बीपी, शुगर, डोळे एवढीच सवय, त्यामुळे टेबलावर शौच तपासायचं किट दिसलं तसे काका लोक मोबाईलमध्ये डोकं घालून बसले. किट वाटणाऱ्या ताई म्हणाल्या, रोज सकाळी कट्ट्यावर पोट साफ झालं का, इसबगोल किती घेता यावर तासभर बोलता, आणि आता लाजता होय! हॉल हसला, मग हात पुढे आले.

टेस्टचं नाव फिट. घरीच काडीने शौचाचा कणभर नमुना घ्यायचा, नळीत घालून बंद करायचा, बास. डोळ्याला न दिसणारं रक्तसुद्धा त्यात कळतं. जुन्या टेस्टला आधी मटण बंद ठेवायला लागायचं, हिला तेही पथ्य नाही, पण दरवर्षी करायची. आतड्यात चामखिळीसारखी गाठ येते, पॉलिप म्हणतात तिला, तिचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात, तोवर सापडली तर दुर्बिणीतूनच काढून टाकता येते. अमेरिकेत २०२१ मध्ये तपासणी सुरू करायचं वय ५० वरून ४५ वर आणलं. घरात आई-वडील, भावंडांना हा कॅन्सर झालेला असेल तर त्याच्याही आधी डॉक्टरांना विचारायचं. आणि रक्त डोळ्याला दिसतंय, तर किटची वाट बघत बसायचंच नाही, थेट डॉक्टर.

किट वाटणं सोपं आहे हो, फोटोही छान येतात. खरी गळती होते ती पुढे. टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर झालाच असं नाही, पण कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतडं आतून बघणं, करायलाच लागते, आणि तिथे माणसं आज करू उद्या करू करत राहतात. आदल्या दिवशी पोट साफ करायचं ते औषध प्यायचं, रात्रभर संडासच्या फेऱ्या, वर भूल देतात म्हणून घरी न्यायला कुणीतरी सोबत पाहिजे. आता कोथरूडात दोघंच राहणाऱ्या आजी-आजोबांनी सोबतीला कोणाला न्यायचं, मुलगा अमेरिकेत. म्हणून इथे पॉझिटिव्ह रिपोर्टबरोबर एक फोन नंबर देतात, गणपती मंडळातल्या पोराचा. तो अपॉइंटमेंट घेतो, सकाळी रिक्षा घेऊन दारात येतो आणि भूल उतरेपर्यंत बाहेर बाकड्यावर बसून राहतो.